आत्या, गावापुढे वाचायला लावलंस म्हणून

जोहार आत्या,

हे पत्र धाकटी तुला वाचून दाखवेल, गोंडीत सांगेल. पण ते चारचौघांत लिहितेय. तू माझ्यासाठी काय केलंस ते आपल्या पोरापोरींना कळायला हवं.

एम.ए.च्या प्रबंधासाठी झाडांची गोंडी नावं आणि वापर लिहून घ्यायला मी गावात आले, तेव्हा तेंदूचा हंगाम होता. तू अंगणात 70-70 पानांचे पुडे बांधत होतीस. मी छापील प्रश्नावली काढली. पहिलाच प्रश्न ऐकून तू सालीच्या दोरीची गाठ दाताने आवळलीस आणि म्हणालीस, "हे प्रश्न कोणी ठरवले? ग्रामसभेला विचारलंस?"

खरं सांगते, राग आला होता. मी गावचीच पोर, मला कसली परवानगी? मग तू एकेकाची आठवण काढलीस: वही घेऊन आलेले, टेपरेकॉर्डर घेऊन आलेले, आजोबांना रात्र रात्र बोलतं करणारे. त्यांनी काय लिहिलं, ते गावाने कधी पाहिलं नाही.

सभेने माझे चार प्रश्न काढून टाकले. औषधी मुळ्यांची जागा कागदावर जाणार नाही, हे म्हाताऱ्यांनी ठरवलं आणि ते बरोबरच होतं. प्रबंध देण्याआधी तू मला तो गोटुलात, गावाच्या एकत्र बसायच्या जागी, गोंडीतून वाचायला लावलास. प्रबंधातल्या मोहाच्या झाडावरच्या पानाशी बायांनी थांबवलं. मी पुस्तकातून उतरवलं होतं, 'फुले दारूसाठी वापरतात'. कडकीच्या दिवसांत उकडून खाल्लेली फुलं, टोरीचं म्हणजे मोहाच्या बियांचं तेल, देवापुढे ठेवलेला मोह, यातलं काहीच नव्हतं. ते पान मी तिथेच बसून पुन्हा लिहिलं. अख्ख्या प्रबंधात तेवढं एक पान मला मनापासून आपलं वाटतं.

त्या रात्री मी तुला अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींबद्दल सांगितलं. 1968 मध्ये त्यांनी स्वतःचं कॉलेज काढलं, आता त्याला डिने कॉलेज म्हणतात. तू विचारलंस, "पैसा कोणाचा? मास्तर कोण नेमतं?" पैसा बराचसा सरकारचा, 1978 च्या कायद्याने अशा कॉलेजांना तो मिळतो, पण कारभारी मंडळ नवाहोंचं. तू बराच वेळ गप्प होतीस. मग म्हणालीस, "म्हणजे सामूहिक वनहक्कासारखं."

अगदी तसंच, आत्या. मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये तो हक्क, म्हणजे गावाचं जंगल गावाने मिळून राखायचा आणि वापरायचा हक्क, मिळवला, मग आपल्या जिल्ह्यात गावोगावच्या ग्रामसभा बांबू-तेंदूचा हिशेब स्वतः ठेवू लागल्या. 2011 पासून गडचिरोलीत विद्यापीठ आहे, नावही गोंडवाना. आपल्या भाषेचं, जंगलाचं, गोटुलाचं काय शिकवायचं, कोणी शिकवायचं, हे ठरवताना तिथे ग्रामसभाही बसल्या पाहिजेत. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आमचं राज, हे आपण जंगलासाठी म्हणतो. शिक्षणासाठीही म्हणता येतं, हे मला तुझ्या अंगणात उमगलं.

प्रबंधाची प्रत तू तेंदूच्या हिशेबाच्या वह्यांसोबत पेटीत ठेवलीस, ते मी पाहिलंय. पीएच.डी.चे प्रश्न अजून लिहिलेले नाहीत. पोळ्याला येते. सभा बोलावून ठेव.

तुझी भाची