मागच्या खोलीतले कपाट

तीर्थस्वरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मुख्य गोष्ट आधीच लिहिते, म्हणजे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. तुम्ही दोघे दादाकडे असताना मी मागच्या खोलीतले कपाट रिकामे केले. तुम्हाला विचारले नाही, कारण विचारले असते तर बाबा "राहू दे, मी आल्यावर बघतो" म्हणाले असते आणि ते बघणे गेली अकरा वर्षे चालूच आहे. रागवायचे असेल तर माझ्यावर रागवा. दादाला यातले काहीही ठाऊक नव्हते.

आई, याची सुरुवात तुझ्या खोकल्यापासून झाली. फोनवर तू "जरा ठसका लागला" एवढेच म्हणालीस. न्हाणीघराचे दार लावून तू फरशीवर आधी ॲसिड आणि डाग निघेना म्हणून त्यावरच ब्लीच ओतलेस, आणि मग डोळे चोळत, भिंतीला धरून बाहेर आलीस, हे मला बाबांकडून चार दिवसांनी कळले. ती दोन द्रव्ये एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिलमध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला होता. श्वासनलिकेतल्या ओलाव्यात तो मिसळला की तिथल्या तिथे आम्ल तयार होते, म्हणून छाती आतून जळते. शिवाय फुप्फुसांवर आलेली सूज कधी कधी काही तासांनी दिसू लागते. "आता बरे वाटते आहे" म्हणून तू झोपून राहिलीस, ती वेळ झोपून राहण्याची नव्हती. डॉक्टरांनी आता छाती स्वच्छ असल्याचे सांगितले आहे, त्यामुळे हे तुला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पण ते चार दिवस मला न कळवणे मला मुळीच पटलेले नाही.

बाबा, आता तुमचा कप्पा. गुलाबांवरचे कीटकनाशक तुम्ही कधीतरी पाण्याच्या बाटलीत काढून ठेवले होते. तिच्यावरच्या चिठ्ठीत तुमच्या वळणदार अक्षरात "गुलाब, अर्धा चमचा" असे लिहिलेले असणार. पण शाई पसरून "गुलाब" पुसले गेले आहे आणि "अर्धा चमचा" तेवढे उरले आहे. ते वाचून मी तिथेच जमिनीवर बसले. चष्मा न लावता कुणी ती बाटली खोकल्याचे औषध म्हणून उघडली असती तर, हे वाक्य मला पुरे करवत नाही.

मूळ डबा मागे सापडला, म्हणून ते ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले आहे हे कळले. ही द्रव्ये किडीच्या मज्जासंस्थेतले, नसांचे संदेश वेळेवर थांबवणारे ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर (एन्झाइम) बंद पाडतात, आणि नेमके तेच विकर आपल्याही शरीरात तेच काम करत असते. फवारणीनंतर तुम्हाला सुटणारा घाम, तोंडाला येणारे पाणी, डोळ्यांपुढची धूसरता हे सगळे उन्हामुळेच होत होते का, अशी शंका मला आता येते. हे द्रव्य कातडीतूनही शरीरात शिरते, आणि हातमोजे घातलेले तुम्हाला मी कधी पाहिले नाही. तुमच्या हातांच्या कंपाचे कारण हेच, असे मी म्हणत नाही आणि डॉक्टरही म्हणत नाहीत. तरीही काय फवारले आणि किती वर्षे फवारले, हे पुढच्या भेटीत तुम्ही स्वतःहून त्यांना सांगा. ते विचारतील याची वाट पाहू नका.

मोरीत ओतून दिले असते तर दहा मिनिटांत काम संपले असते, हे मलाही कळते. पण सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात अशी द्रव्ये पूर्णपणे अडतातच असे नाही, आणि पुढे पाण्यातल्या किड्यांना व त्यांवर जगणाऱ्या माशांना त्यांची अगदी थोडी मात्राही पुरते. म्हणून सगळे डबे न उघडता, उभे ठेवून, घातक कचरा वेगळा स्वीकारणाऱ्या केंद्रात मी स्वतः नेऊन दिले. आजोबांच्या काळातला डीडीटीचा डबाही त्यात गेला.

त्या डब्यावरून एक गोष्ट तुम्हा दोघांना सांगायची आहे, कारण तुम्ही रात्री अंथरुणावर पडून "आपणच मुलांना विष दिले की काय" असा विचार करत बसाल, हे मी ओळखून आहे. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्यूलर यांना १९४८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. ते द्रव्य चरबीत साठते, लहान जिवांकडून मोठ्यांकडे जाताना त्याचे प्रमाण वाढत जाते, आणि ससाण्या-गरुडांच्या अंड्यांची कवचे त्यामुळे इतकी पातळ होतात की उबवतानाच फुटतात, हे पुढे उघड झाले. डीडीटीसह बारा द्रव्यांवर जगभर निर्बंध घालणारा स्टॉकहोम करार व्हायला २००१ साल उजाडले, आणि हिवतापासारखे रोग पसरवणाऱ्या कीटकांपुरती डीडीटीला त्यातही सूट आहे. मोटारगाड्यांसाठीचे शिसे घातलेले पेट्रोल जगातून हद्दपार व्हायला तर २०२१ उजाडले. जे शास्त्रज्ञांना आणि सरकारांना इतक्या उशिरा उमगले, ते आजोबांना डब्यावरच्या चार ओळी वाचून कसे कळणार होते?

थर्मामीटर मात्र मी बराच वेळ हातात धरून बसले होते. गोवराच्या तापातून उठल्यावर माझ्या हातून पहिला थर्मामीटर फुटला, तेव्हा बाबांनी ओरडण्याऐवजी पाऱ्याचे मणी माझ्या तळहातावर घेऊन "बघ, चंद्र पळतोय" म्हटले होते. त्या मण्यांचा थंड जडपणा मला अजून आठवतो. पारा खोलीच्या तपमानालाच हळूहळू वाफ होत राहतो, आणि ती वाफ पारा गिळण्यापेक्षा कितीतरी अधिक घातक असते, हे आपल्याला ठाऊक नव्हते. मला काही झाले नाही, बाबा, आणि तो चंद्र मला अजूनही हवासा वाटतो. नव्या डिजिटल थर्मामीटरचे आकडे मोठे आहेत. आईला दिव्याखाली धरून तिरके बघावे लागणार नाही.

एका गोष्टीला मी हात लावलेला नाही, आणि तुम्हीही लावू नका. त्या खोलीच्या खिडकीचा रंग सुटला आहे. तो जुना आहे, त्यात शिसे असू शकते, आणि कोरडा पॉलिश पेपर मारला की त्याची धूळ घरभर होते. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित असल्याचे ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीरात गेलेले शिसे हाडांत वर्षानुवर्षे मुक्काम करते आणि उतारवयात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरते. त्यामुळे, आई, पुढच्या रक्ततपासणीत शिशाचे प्रमाणही बघायला मी सांगितले आहे. सुई एकच टोचणार आहे.

तुमची कोणतीही सोय मी बिघडवलेली नाही. बाबांची झारी आणि कात्री जागेवरच आहेत. गुलाबांवरचा मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पडतो. पडला नाही तर साबणाचे सौम्य पाणी मारा. ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या काढल्या, कारण तो वास म्हणजे नॅप्थलीनची वाफच असते. आई, ट्रंक उघडली की तुला चुकल्यासारखे होईल, मलाही झाले. लोकरीचे कपडे धुऊन, वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवले आहेत. कसर लागत नाही.

आता ऐका. ब्लीच कशातही मिसळायचे नाही, ॲसिडमध्ये नाही आणि अमोनियात तर नाहीच. कसलेही द्रव्य दुसऱ्या बाटलीत काढायचे नाही. पुन्हा तसा वास आला तर पुसत बसू नका, आधी मोकळ्या हवेत या आणि मला फोन करा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

कपाट पुसून ठेवले आहे. मधला कप्पा बाबांच्या रेडिओला बरोबर बसतो, मी मोजून पाहिला. किल्ली नेहमीच्या खिळ्यावर आहे.

तुमची,
ठमी