व्हरमाँटच्या घरातील लाकडाच्या शेगडीविषयी आई-बाबांना पत्र

माँटपीलियरजवळ, व्हरमाँट, अमेरिका
ऑक्टोबरअखेर

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची तिकिटे निघाल्याचे कळले आणि जीव भांड्यात पडला. परवा फोनवर आई म्हणाली, ‘तुम्ही दोघे कामावर गेलात की शेगडी मी सांभाळीन, त्यात काय एवढे.’ ज्या बाईने चिपळूणच्या घरात चूल आणि मागच्या पडवीतला बंब वर्षानुवर्षे सांभाळला, तिला विस्तव कसा करावा हे मी शिकवायला नको. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण इथली शेगडी बंद पेटीची आहे आणि चुलीपुढे ज्या सवयी काटकसरीच्या व शहाणपणाच्या ठरतात, त्यांतल्या काही इथे थेट धोक्याच्या ठरतात. फोनवर हे सगळे नीट सांगून होत नाही. बाबांनाही गोष्ट कागदावर असलेली बरी वाटते. तेव्हा हे पत्र येताना बरोबर आणावे. मी त्याची एक प्रत शेगडीच्या मागच्या भिंतीवर, पुरेशा अंतरावर, लावून ठेवीन.

शेगडी म्हणजे ओतीव लोखंडाची जाड पेटी आहे. आत विटांचे अस्तर आहे, पुढे काचेचे दार आहे आणि वरून निघालेली लोखंडी नळी छपरातून धुराड्याला मिळते. दाराखाली एक छोटा दांडा आहे. तो उजवीकडे सरकवला की आत हवा जास्त जाते, डावीकडे सरकवला की कमी जाते. फुंकणी नाही, भाते नाहीत. आग लहान-मोठी करण्याचे सारे तंत्र त्या एका दांड्यात आहे, आणि चूकही बहुधा तिथेच होते.

लाकूड तापले की प्रथम त्यातले पाणी निघून जाते, मग त्यातून जळणारे वायू सुटतात आणि शेवटी निखारा उरतो. लाकडातली निम्म्याच्या आसपास उष्णता या वायूंमध्ये असते. आपण ज्याला धूर म्हणतो तो मुख्यतः हा न जळलेला भाग असतो, म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेले जळण आपण छपरातून बाहेर सोडत असतो. हे वायू नीट पेटायला आत साधारण ६०० अंश सेल्सिअसची उष्णता लागते. आमच्या शेगडीत वरच्या बाजूला बारीक भोकांच्या नळ्या आहेत. त्यांतून तापलेली हवा येते आणि वर चढणारा धूर तिथे पेटतो. शेगडी नीट चालली, की त्या भोकांपाशी ज्वाळा लाकडाला न टेकता अधांतरी हलताना दिसतात. आई, तुला ते पाहायला फार आवडेल, आणि तेच आपल्याला हवे आहे.

आता बाबांच्या मुद्द्याकडे येते. हवा कमी ठेवली तर लाकूड हळू जळेल आणि जास्त पुरेल, असे तुम्ही म्हणालात. चुलीतले लाकूड मागे ओढून आच मंद करणाऱ्या कोणालाही हे पटेल. बंद शेगडीत मात्र हवा फार कमी केली की ज्वाळा विझते आणि लाकूड धुमसत राहते. न जळलेला धूर वर थंड धुराड्यात जातो, त्यातली वाफ आणि डांबरासारखा अंश आतल्या भिंतीला चिकटून बसतो. इथे त्याला क्रिओसोट म्हणतात. तो स्वतःच उत्तम पेटणारा पदार्थ आहे. आठवडेच्या आठवडे तो साचत गेला आणि एखाद्या दिवशी जोराची आग केली, की धुराड्याच्या आतच वणवा पेटतो आणि त्यातून घराचे छप्पर जाऊ शकते. चुलीचा धूर डोळ्यांत जायचा, म्हणून काही बिघडले की आईला लगेच समजायचे. इथे तो धूर काचेपलीकडे राहतो आणि वर जाऊन साठतो, ते आपल्याला घरात बसून दिसत नाही. म्हणून माझे कळकळीचे सांगणे एवढेच आहे, की आग लहान चालेल, पण ती ज्वाळेने जळत असली पाहिजे. ऊब कमी हवी असेल तर लाकडे कमी घालावीत, हवा तोडू नये. लाकूडही त्यानेच वाचते.

रात्रीचे त्याहून महत्त्वाचे. आई, तू रात्री निखारे राखेत पुरून ठेवायचीस आणि पहाटे तेच उकरून चूल पेटवायचीस. इथे झोपण्यापूर्वी शेगडी गच्च भरून दांडा पूर्ण डावीकडे लोटणे हे त्याच विचाराने सुचते, आणि नेमके तेच करायचे नाही. शेवटची लाकडे नऊच्या सुमारास घालावीत, वीस-पंचवीस मिनिटे हवा मोकळी ठेवून ती चांगली पेटू द्यावीत, मग दांडा थोडा थोडा डावीकडे आणावा आणि ज्वाळा जिवंत आहे अशा जागी थांबावे. दांडा पूर्ण बंद कधीच करू नये. नुसते निखारे उरतात तेव्हा धुराड्याची ओढ मंदावते, आणि त्याच वेळी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सर्वांत जास्त सुटतो. पहाटे घर गार पडेल ही काळजी नको. तेलावर चालणारी भट्टी आपोआप सुरू होते आणि भिंतीवरचे यंत्र १८ अंशांवर लावलेले आहे. जानेवारीत बाहेर उणे २० अंश असले तरी रात्री विस्तवासाठी उठण्याची गरज नाही.

लाकडाची जबाबदारी बाबांनी घ्यावी असे आम्हा दोघांना वाटते, कारण इथे अर्धे काम लाकूड ओळखण्यात आहे. इथे लाकूड कॉर्डच्या मापाने मिळते. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रचलेला ढीग, म्हणजे १२८ घनफूट. खोपीत डाव्या हाताला मेपल, बीच आणि बर्च फोडून रचले आहेत. ते मागच्या वर्षीचे आहेत, तेच वापरायचे. उजवीकडचे ओक याच वर्षी तोडलेले आहे आणि ओकला वाळायला दोन वर्षे लागतात, तेव्हा त्याला सध्या हात लावू नये. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे दहा किलो लाकूड शेगडीत घालणे म्हणजे त्यातले चार-पाच लिटर पाणी आधी आटवणे, आणि ती सगळी उष्णता घराऐवजी वाफेवर जाते. ओलावा मोजायचे दोन सुयांचे छोटे यंत्र खोपीच्या खिळ्याला टांगले आहे. लाकडाच्या टोकाला सुया टोचून उपयोग नाही, कारण टोक लवकर वाळते. ओंडका मधोमध फोडावा आणि ताज्या फोडीवर मोजावे. २० टक्क्यांच्या आत असेल तर ते घरात आणावे. यंत्र नसले तरी दोन लाकडे एकमेकांवर आपटून पाहता येते. वाळलेली खणखणतात, ओली बद्द वाजतात. टोकाला चिरा पडलेल्या दिसतात आणि उचलताना लाकूड अपेक्षेपेक्षा हलके लागते. बाबांना दुसऱ्या दिवशी यंत्र लागणार नाही.

पेटवण्याची रीत मात्र उलटी आहे. खाली काटक्या आणि वर लाकूड असे न करता दोन-तीन जाड लाकडे तळाशी ठेवावीत, त्यावर आडवी मध्यम, त्यावर बोटाएवढ्या ढलप्या आणि सर्वांत वर वर्तमानपत्राच्या गाठी. काडी वरच लावायची. आग हळूहळू खाली उतरते, खालून सुटणारा धूर वरच्या ज्वाळेतून जाताना जळून जातो आणि धुराडेही सुरुवातीपासून तापते. बर्चची साल कागदासारखी पेट घेते, तिचा एक तुकडा पुरेसा असतो. दांडा पूर्ण उजवीकडे ठेवावा. रॉकेल किंवा कोणतेही तेल कधीही वापरू नये. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक, दुधाचे रिकामे खोके हे आत घालायचे नाही, कारण त्यातून विषारी धूर निघतो आणि शेगडीही खराब होते.

आई, स्वयंपाकघराचे एक सांगायचे राहिले. फोडणी करताना तू पंखा जोरात लावशील. इथली घरे थंडीसाठी घट्ट बांधलेली असतात, त्यामुळे तो पंखा घरातली हवा ओढून बाहेर टाकतो, आणि तेवढी हवा आत यायला जागा न मिळाल्यास ती धुराड्यातून उलटी खाली ओढली जाते. मग शेगडीचा धूर घरात येतो. शेगडी पेटलेली असताना पंखा हळू ठेवावा आणि स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी ठेवावी. दार उघडतानाही घाई नको. आधी हवेचा दांडा पूर्ण उघडावा, मग दार चिमूटभर उघडून क्षणभर थांबावे आणि नंतरच पूर्ण उघडावे. निखारे पुढे ओढून मागे नवी लाकडे ठेवावीत आणि दार लगेच लावावे. हातमोजे शेजारच्या हुकाला आहेत. नायलॉनची साडी नेसून शेगडीपुढे बसू नकोस, सुती नेस, आणि पदर खोचून घे. कपडे, सतरंज्या, खुर्ची, वर्तमानपत्रांचा गठ्ठा हे सगळे शेगडीपासून तीन फूट लांब असावे. ओले मोजे तिच्यावर वाळत घालण्याचा मोह बाबांना होईल, तो आवरावा.

शेगडी स्वतःच आपली अवस्था सांगते. काच काळी पडू लागली तर हवा कमी आहे किंवा लाकूड ओले आहे. पेटवल्यावर वीस मिनिटांनी खिडकीतून धुराड्याकडे पाहावे. धूर जवळजवळ दिसू नये, फार तर हवा थरथरताना दिसावी. दाट करडा धूर दिसला तर दांडा उजवीकडे न्यावा. नळीवर चुंबकाने चिकटवलेली तबकडी आहे. तिच्यावरचे आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत, तेव्हा ते पाहून घाबरू नये. काटा साधारण २३० ते ४७५ यांच्यामध्ये असला म्हणजे ठीक आहे. त्याखाली क्रिओसोट साचतो, त्यावर शेगडी प्रमाणाबाहेर तापते. सरकारने इथे १९८८ पासून शेगड्यांच्या धुराला मर्यादा घातली आहे आणि २०२० पासून नव्या शेगड्यांना तासाला दोन-अडीच ग्रॅमहून जास्त धूलिकण सोडता येत नाहीत. पण ही मापे वाळलेल्या लाकडावर घेतलेली असतात, ओल्या ओंडक्यावर कोणतीही शेगडी ती पाळू शकत नाही. सप्टेंबरमध्ये धुराडे साफ करणारा येऊन गेला. खाली पडलेली काजळी त्याने तळहातावर घेऊन दाखवली. ती तपकिरी आणि बोटांनी चुरणारी होती, हे चांगले लक्षण आहे. काळी, काचेसारखी चकाकणारी आणि खरवडूनही न निघणारी असते ती वाईट.

आता ज्याची मला खरी काळजी आहे ते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बंद न्हाणीघरात गॅसच्या गीझरमुळे माणसे गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या आहेत, त्यामागे हाच वायू असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे अशी लक्षणे दोघांनाही एकाच वेळी जाणवली आणि ताप नसला, तर प्रवासाचा शीण समजून आडवे होऊ नये. लगेच बाहेर पडावे. तुमच्या खोलीच्या दाराशी यंत्र बसवले आहे. चार वेळा वाजून थांबत असेल तर हा वायू आहे, तीन वेळा वाजून थांबत असेल तर धूर आहे, आणि मिनिटाला एकदाच चिवचिव करत असेल तर बॅटरी संपत आली आहे. पहिल्या दोन्ही वेळी अंगात कोट घालून लगेच अंगणाबाहेर जावे आणि ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करावा. पत्ता फ्रिजवर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवला आहे. बाबा रात्री कानातले यंत्र काढून ठेवतात, म्हणून एक यंत्र गादीखाली धक्के देणारेही आणले आहे.

धुराड्यातून घोंघावण्याचा मोठा आवाज येऊ लागला किंवा नळी लाल दिसू लागली, तर दार घट्ट लावावे, हवेचा दांडा पूर्ण बंद करावा आणि बाहेर पडून तोच नंबर लावावा. दांडा पूर्ण बंद करण्याची ही एकच वेळ. पाणी मुळीच ओतू नये.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीतच काढावी. ती बादली ओसरीवर न ठेवता घरापासून दहा फुटांवर, दगडावर ठेवावी. राखेत दडलेले निखारे चार-चार दिवस जिवंत राहतात. आई, भांडी घासायला आणि झाडांना राख हवी असेल, तर ती पूर्ण थंड झाल्यावर घ्यावी.

पहिला आठवडा मी घरून काम करणार आहे, तेव्हा आपण रोज सकाळी एकत्र शेगडी पेटवू. त्यानंतरही ज्या दिवशी कंटाळा येईल त्या दिवशी ती पेटवूच नये, भट्टी घर उबदार ठेवते. आईने फुंकणी सामानात घातली असेल तर ती काढून ठेवावी. तेवढ्या वजनात आमसुले आणि कुळथाचे पीठ आणावे, ते इथे मनासारखे मिळत नाही.

आपली कन्या