गोव्याच्या कॅथेड्रलचा पडलेला टॉवर

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही जगातल्या भव्य कॅथेड्रलवर अख्खं पान दिलंत, ते मी चहा गार होईपर्यंत वाचलं, पान चांगलंच होतं, पण खाली गोव्याचा जो फोटो छापलाय त्याखाली ‘से कॅथेड्रल’ लिहिलंय आणि फोटो आहे समोरच्या बॉम जीझस चर्चचा. लाल दगडाचं, गिलावा नसलेलं ते बॉम जीझस. से कॅथेड्रल पांढरं आहे आणि रस्त्याच्या पलीकडं आहे. ही चूक तुमची एकट्याची नाही म्हणा, गोव्याला जाऊन आलेल्या दहा सातारकरांपैकी नऊ जणांच्या मोबाईलमध्ये हाच घोटाळा असतो, पण छापून आल्यावर तो पक्का होतो म्हणून लिहायला बसलो.

मी सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅब ओतताना खालून लावतात त्या आधाराचा, धंदा करतो, तीस वर्षं झाली, साताऱ्यात आणि आजूबाजूला. इतिहास-बितिहास माझा विषय नाही. पण जुनी बिल्डिंग दिसली की माझी मान आपोआप वर जाते आणि मंडळी मागून म्हणतात, चला आता, अडकेल ती तशीच.

आधी एक गोष्ट. मोठं चर्च म्हणजे कॅथेड्रल नाही. जिथं बिशपची, म्हणजे त्या भागातल्या मुख्य धर्मगुरूची, खुर्ची असते ते कॅथेड्रल, मग ते केवढं का असेना. आपल्याला हे समजायला सोपं आहे, आपल्याकडं साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी म्हणतातच की, तसंच हे. आणि ‘से’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थही तोच, बिशपची गादी. त्या हिशोबानं रोममधलं एवढं मोठं सेंट पीटर्स पण रोमचं कॅथेड्रल नव्हे, तिथलं कॅथेड्रल म्हणजे सेंट जॉन लॅटरन. आणि बॉम जीझस ही बॅसिलिका, म्हणजे पोपनं खास मान दिलेलं चर्च, तिथं सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष आहेत म्हणून गर्दी तिकडं असते आणि से बिचारं समोर रिकामं.

मी से तीनदा बघितलं. पहिल्यांदा म्हणजे खरं बघितलंच नाही, ट्रॅव्हलची बस होती, गाइडनं वीस मिनिटं दिली, बॉम जीझस झालं, पलीकडच्या पांढऱ्या बिल्डिंगकडं बोट करून ‘वो भी एक चर्च है’ म्हणाला आणि बस मंगेशीला निघाली. दुसऱ्यांदा २०२४ च्या डिसेंबरात, तेव्हा दहा वर्षांनी होणारं अवशेषांचं दर्शन सुरू होतं, ते अवशेष समोरून से कॅथेड्रलमध्ये आणून ठेवतात, तर रांग एवढी की मला पुढच्या माणसाच्या शर्टाची कॉलर सोडून काही दिसलं नाही. तिसऱ्यांदा पुढच्या पावसाळ्यात गेलो, चोर्ला घाटानं, पणजीत साडूच्या पोराच्या फ्लॅटचं काम बघायचं होतं, ते तासात झालं आणि दुपार मोकळी मिळाली.

पाऊस असा पडत होता की पार्किंगमध्ये दोनच गाड्या. समोर उभा राहिलो आणि पहिल्यांदा नीट कळलं की ही बिल्डिंग एका खांद्यानं वर आणि एका खांद्यानं खाली आहे. डावीकडं टॉवर, उजवीकडं नुसतं आभाळ. मूळचे टॉवर दोन होते, त्यातला एक १७७६ साली वीज पडून कोसळला आणि परत बांधलाच नाही. अडीचशे वर्षं होत आली. मला धंद्याची सवय, मी लगेच मनात इस्टिमेट काढायला लागलो, परांची किती, जांभा किती, चुना किती, आणि मग थांबलो, कारण ते तसंच बरं दिसत होतं. दोन्ही टॉवर असते तर मी ‘वा’ म्हणून पुढं गेलो असतो. एक पडलाय म्हणून बघत उभा राहिलो, छत्री उलटी होईपर्यंत.

आत गेलो तर माझ्यासकट चार माणसं. आतलं काय सांगू. बाहेरून साधी पांढरी भिंत आणि आत शेवटाला सोन्याचा मुलामा दिलेली वेदी, खालून वरपर्यंत, सेंट कॅथरिनच्या गोष्टी कोरलेल्या. १५६२ ला काम सुरू झालं आणि इमारत पुरी व्हायला १६१९ उजाडलं, म्हणजे ज्या गवंड्यानं पाया घातला त्याच्या नातवानं छत बघितलं असणार. मी बाकावर बसलो ते पाऊण तास बसलो. पहिली दहा मिनिटं माणूस फक्त ‘केवढं मोठं’ एवढंच बघतो. नंतर डोळे सरावतात आणि मग खांबांचे सांधे दिसतात, खिडकीतून येणारा उजेड कुठं पडतो ते दिसतं, कोपऱ्यात ओल कुठून उतरलीय ते दिसतं. बाहेर एवढा धो धो पाऊस आणि आत त्याचा नुसता दबका आवाज, कारण भिंतींची जाडीच तेवढी. आमच्या सहा इंची भिंतीत शेजारच्या फ्लॅटमधली शिंक ऐकू येते.

तिथला इतिहास सगळा गोड नाही हेही मला माहीत आहे, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या संशयावरून लोकांना पकडून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं आणि लोकांनी त्यात काय सोसलं ते विसरून कौतुक करावं असं मी म्हणत नाही. पण दगड घडवणारे हात इथलेच होते, त्यांना कोणी विचारलं नसणार की बाबा तुझं मत काय.

बाहेर पडून मग बॉम जीझसला गेलो. तुमच्या फोटोतला तो लाल रंग सगळ्यांना आवडतो पण तो मूळचा नाही बरं का. आधी त्यावर गिलावा होता, तो १९५० च्या सुमारास काढून टाकला आणि तेव्हापासून जांभा उघडा पडलाय. जांभ्याला छिद्रं असतात, पावसाचं पाणी पितो तो, आपल्या पाचगणी-महाबळेश्वरच्या लोकांना हे सांगायला नको. त्या दिवशी अख्खी भिंत भिजून काळपट पडली होती. मला विचाराल तर परत चुन्याचा गिलावा चढवावा, फोटो कसे का येईनात.

आता तुमच्या पानावरच्या परदेशातल्यांबद्दल. जर्मनीतलं कोलोनचं कॅथेड्रल मी बघितलंय, मुलगी तिकडं नोकरीला आहे, नातू झाला तेव्हा दोन महिने गेलो होतो. स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं की ते अंगावरच येतं. १५७ मीटर उंच, काळं पडलेलं, पाच मिनिटं मी बोललोच नाही. मुलगी म्हणाली, बाबा चढायचंय का वर, ५३३ पायऱ्या आहेत. अजिंक्यताऱ्यावर रोज चालायला जाणारा माणूस मी, हो म्हणालो, पण तो गोल जिना एवढा अरुंद आणि वरून उतरणारी माणसं पोटाला घासून जातात की मधल्या घंटेपाशी पोचेपर्यंत गुडघे बोलायला लागले. ती घंटा २४ टनांची, १९२३ ची, लोक तिला लाडानं ‘लठ्ठ पीटर’ म्हणतात.

तुम्ही लिहिलंत की हे बांधायला सहाशे वर्षं लागली, ते बरोबर, १२४८ ते १८८०, पण खरी गंमत लिहायची राहिली. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षं काम बंदच होतं. आणि अर्धवट टॉवरवर चढवलेली लाकडी क्रेन चारशे वर्षं तशीच वर उभी, गावाची खूणच झाली होती ती. मूळ नकाशाचा अर्धा भाग १८१४ साली डार्मस्टाटमध्ये एका खानावळीच्या माळ्यावर सापडला, उरलेला अर्धा पुढं पॅरिसमध्ये, मग १८४२ ला काम परत सुरू करून त्याच नकाशाप्रमाणं टॉवर पुरे केले. आमच्याकडं सहा महिन्यांपूर्वीचा मंजूर नकाशा मालकाला सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धात चौदा बॉम्ब बसले तरी ते पडलं नाही. अजूनही तिथं दगडाचं काम करणारी मंडळी कायमची पगारावर आहेत, एका बाजूची दुरुस्ती संपली की दुसरीकडची निघते, परांची कधी पूर्ण उतरत नाही. मुलगी म्हणाली फोटोत ती परांची येतेय, मी म्हणालो येऊ दे, तीच बघायचीय मला.

ज्यांना जर्मनी लांब पडतं त्यांनी म्हैसूरचं सेंट फिलोमिना बघावं, कोलोनवरूनच बेतलेलं आहे. १९३३ ला पाया घातला, म्हैसूरच्या वडियार महाराजांनी बांधवून घेतलं, एका हिंदू राजानं. जुळे टॉवर १७५ फुटांचे. आपले लोक उटी-म्हैसूर करतात तेव्हा पॅलेस आणि वृंदावन गार्डनमध्ये दिवस जातो आणि हे संध्याकाळी बसच्या खिडकीतून दाखवतात. मी म्हैसूरचं आधी बघितलं होतं, त्यामुळं कोलोनला पोचल्यावर मंडळी म्हणाल्या, अहो हे तर आपण बघितलंय!

पण मला आतून हलवलं ते तुमच्या पानावर नसलेल्या एका कॅथेड्रलनं. मेदक. तेलंगणात, हैदराबादपासून शंभरेक किलोमीटर. १९१४ ला सुरू, १९२४ च्या नाताळला खुलं झालं. पॉस्नेट नावाच्या मिशनरीनं बांधलं, आणि बांधलं कशासाठी तर दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांना काम आणि पोटाला अन्न मिळावं म्हणून. मी वाचत गेलो नव्हतो, तिथंच एका म्हाताऱ्या माणसानं मोडक्या हिंदीत सांगितलं, आणि मी एकदम आमच्या दुष्काळी माण तालुक्यात पोचलो. आमची आई १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावावर खडी फोडायला जायची, मिलोची भाकरी आणि सुकडी, मला पाठीला बांधलेलं. तो तलाव आजही आहे, आईच्या तळहाताचे घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत. तर मेदकला मी त्या १७५ फुटी टॉवरकडं बघत होतो आणि डोक्यात एकच, हे दगड अशाच कुणाच्या तरी आईनं वाहिलेत. आत रंगीत काचेच्या तीन खिडक्या आहेत, जन्म, क्रूस आणि स्वर्गारोहण. त्या बाहेरच्या उजेडावरच चालतात, ऊन उतरलं की चित्र विझतं. आम्ही पोचलो चारच्या सुमारास, बघता बघता एका खिडकीतला निळा रंग काळा झाला. कोणी स्विच बंद केल्यासारखा नाही, हळूहळू, चुलीतला निखारा जातो तसा.

फ्लॉरेन्सचं मी बघितलेलं नाही, पण बघायचंय, कारण ब्रुनेलेस्की नावाच्या माणसानं साधारण ४५ मीटर रुंदीचा घुमट १४२० ते १४३६ मध्ये खालून सेंट्रिंगच न लावता बांधला, विटा तिरक्या गुंतवत गुंतवत. आमचा धंदाच बुडवला की राव त्यानं. त्याला एकदा नमस्कार करून यायचं आहे.

पॅरिसच्या नोत्र दामबद्दल तुम्ही भरपूर लिहिलंय. १५ एप्रिल २०१९ ला ते जळताना मी टीव्हीवर बघितलं, ते टोकदार शिखर मोडून आत पडलं तेव्हा पोटात खड्डा पडला. त्यांनी साडेपाच वर्षांत दोनेक हजार ओकची झाडं वापरून होतं तसं उभं केलं, २०२४ च्या डिसेंबरात उघडलं पण. गोव्यानं अडीचशे वर्षांत एक टॉवर उभा केला नाही. धंदा म्हणून मला पॅरिसवाल्यांचं कौतुक वाटायला पाहिजे आणि वाटतंच, पण कुठं जाऊन बसशील विचारलं तर मी गोव्यात बसीन.

आणि ज्यांना यातलं कुठंच जमत नाही त्यांनी एसटीनं वाईला उतरून मेणवलीला जावं. सिनेमावाल्यांमुळं तो घाट सगळ्यांना माहीत झालाय, नाना फडणवीसांचा वाडा बघतात, पायऱ्यांवर फोटो काढतात, पण घाटावर दगडी चौकटीत टांगलेल्या घंटेकडं फार कोणी वाकून बघत नाही. ती चर्चची घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा देशावर आल्या, त्यातली ही, १७०७ सालची. जवळ जाऊन बघा, तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे. मी हात लावून बघितलाय, धातू गार लागतो आणि बाळाचा चेहरा झिजून गुळगुळीत झालाय. खाली कृष्णा, मागं महादेवाचं देऊळ. तिथल्या एका बाईला विचारलं हे कोण कोरलंय, तर म्हणाली, देवकी आणि किसन, दुसरं कोण. मी काही बोललो नाही.

तर फोटो तेवढा दुरुस्त करा ही विनंती. सेचा चांगला फोटो नसेल तर माझ्याकडं आहे, पावसातला, मोबाईलवर काढलेला पण दोन्ही बाजू आल्यात, टॉवरची पण आणि आभाळाची पण. उजव्या कोपऱ्यात माझ्या उलट्या झालेल्या छत्रीची काडी आलीय, ती कापून घ्या.

आपला,
एक सेंट्रिंगवाला वाचक, सातारा
(नाव छापू नये, गिऱ्हाइकं म्हणतील हा फिरतोय म्हणून आमचा स्लॅब रखडला)