भाड्याचा फ्लॅट की शेअर मार्केट

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं, पत्र कसलं, प्रश्नपत्रिकाच ती. भाड्याने द्यायला फ्लॅट घेऊ की पैसे मार्केटमध्ये टाकू, एका वाक्यात सांग म्हणतोस. एका वाक्यात नाही होणार बाबा, चहा घेऊन बस.

आधी ते काकांचं 'घेतलं तेव्हा केवढ्याला, आज पाचपट' बाजूला ठेव. पाचपट व्हायला 25 वर्षं लागली असतील तर ते वर्षाला जेमतेम साडेसहा टक्के पडतं. त्यात भाडं मिळवायचं, टॅक्स, डागडुजी, व्याज वजा करायचं, हा हिशोब घरात कुणी मांडलेला मी तरी पाहिला नाही.

आणि घरातला मोठा फायदा बऱ्याचदा कर्जामुळे दिसतो. 100 चं घर, तुझे 20, बँकेचे 80. भाव 10 टक्के चढला की तुझ्या 20 चे 30 झाले, म्हणजे दीडपट, मग आपण सगळीकडे सांगत सुटतो रिअल इस्टेटसारखं काही नाही म्हणून. तोच 10 टक्के पडला तर तुझे निम्मे गेले आणि हप्ता तेवढाच. आता हेच कर्ज काढून शेअर्स घे म्हटलं तर तू मला वेड्यात काढशील, आणि बरोबरच आहे, तिथे भाव पडला की ब्रोकर आणखी मार्जिन, म्हणजे तारणाचे पैसे, मागतो, नाही दिलं तर शेअर्स विकून मोकळा होतो. घराचे हप्ते वेळेवर जात असतील तर बँक सहसा मधेच भाव विचारायला येत नाही. हा घराचा खरा प्लस पॉइंट, तो मी मान्य करतो.

पण भाड्याचं गणित तू फारच प्रेमाने मांडलंयस! बाराही महिने भाडं धरलंस, एक महिना घर रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातले 8 टक्क्यांहून जास्त गेले, वर ब्रोकर, रंगकाम, नळ, मेंटेनन्स. समज भाडं किमतीच्या 4 टक्के आलं आणि खर्च जाऊन 3 उरलं. कर्ज 80 चं, व्याज 8 टक्के, म्हणजे पहिल्या वर्षाचं व्याजच 6.4. उरलेले 3.4 तुझ्या खिशातून, मुद्दलाची फेड वेगळीच. म्हणजे घर वर्षाला 3.4 टक्के वाढेल तेव्हा कुठे तू बरोबरीत, आणि तुझे 20 तोवर फुकट राबतायत. हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तू तुझे घाल, पण खर्च लपवू नकोस.

मार्केट काय साधुसंत नाही. 1929 ला अमेरिकेतला डाऊ, म्हणजे तिथल्या बड्या कंपन्यांच्या शेअर्सचा भाव दाखवणारा इंडेक्स, पडायला लागला तो 1932 पर्यंत जवळजवळ 89 टक्के खाली गेला, जुन्या उंचीवर यायला 1954 उजाडलं. जपानचा निक्केई इंडेक्स 1989 च्या शेवटी जिथे होता तिथे परत 2024 ला पोचला, म्हणजे माणसाची अख्खी नोकरी संपली त्यात. डिव्हिडंड, म्हणजे कंपनीने वाटलेला नफा, धरला तर चित्र बरं दिसतं, पण वाट लांबच. म्हणून एकाच देशाच्या इंडेक्सवर सगळं लावायचं नाही, आणि पुढच्या पाचेक वर्षांत लागणारा पैसा तर तिथे ठेवायचाच नाही.

काही अर्थशास्त्रज्ञांनी 16 प्रगत देशांचे 1870 ते 2015 चे आकडे काढले होते, त्यात महागाई वजा जाता घरं आणि शेअर्स दोन्ही वर्षाला साधारण 7 टक्क्यांच्या आसपास निघाले, आणि घरांचा चढउतार बराच कमी. हे वाचून तू उड्या मारशील म्हणून आधीच सांगतो, ती देशभरातल्या घरांची सरासरी होती, शिवाय टॅक्स धरलेला नव्हता. तू घेणार एका बिल्डिंगमधला एक फ्लॅट, शेजारी काय उभं राहील ते तुझ्या हातात नाही, भाडेकरू कसा निघेल तेही नाही. इंडेक्स फंडात, म्हणजे इंडेक्समधले सगळे शेअर्स घेणाऱ्या फंडात, मात्र थोड्या पैशात खरंच खूप कंपन्या मिळतात, आणि गरज पडली तर त्यातले 5 टक्के विकता येतात, फ्लॅटची नुसती बाल्कनी विकता येत नाही.

आता तुझ्या स्वभावाचं. तू दिवसातून दहा वेळा भाव बघणार हे मला माहितीय, आणि मार्केट 30 टक्के पडलं की सगळं विकून बसशील अशी धास्तीही आहे. घराचा भाव रोज स्क्रीनवर येत नाही म्हणून लोक ते धरून ठेवतात, निम्मी कमाई त्या न बघण्याचीच असावी असं मला वाटतं. पण रात्री अकराला भाडेकरूचा फोन आला की गीझर बंद आहे, तर तू उठणार का? ते आवडत असेल तर घे फ्लॅट, ती एक छोटी नोकरीच आहे, पगार धरून हिशोब कर. नसेल आवडत, तर माझं मत इंडेक्स फंड, दर महिन्याला ठरावीक रक्कम, आणि फोनमधून ते अ‍ॅप काढून टाक. प्रॉपर्टीचा हट्टच असेल तर थोडे पैसे रीटमध्ये ठेव, म्हणजे अनेकांचे पैसे घेऊन भाड्याच्या इमारती सांभाळणाऱ्या ट्रस्टमध्ये, भाड्यातला वाटा मिळतो आणि गीझर दुसरा कुणीतरी बघतो.

त्या फ्लॅटची किंमत, खरं मिळणारं भाडं आणि बँकेने सांगितलेला व्याजदर एवढं पाठव, रविवारी बसून शीट बनवतो. टोकन मात्र तोवर देऊ नकोस, एजंट कितीही म्हणू दे की दुसरी पार्टी तयार आहे.

वहिनींना नमस्कार सांग, त्यांचं काय म्हणणं आहे तेही कळव, तू पत्रात त्यांचा एक शब्द लिहिला नाहीस.

तुझाच