रेल्वेची आगबोट आणि तिचा कप्तान

संपादक महोदय,

२७ जुलै आली की मला 'ब्रुसेल्स' आठवते. ही इंग्लंडच्या ग्रेट ईस्टर्न रेल्वेची आगबोट, १९०२ साली डंडीत बांधलेली. त्या काळी तिथल्या रेल्वे कंपन्या रुळ संपले तरी थांबत नसत. बंदरावर गाडी आली की उतारू आणि माल त्यांच्याच बोटीतून पुढे जाई. 'ब्रुसेल्स' हारविचहून उत्तर समुद्र ओलांडे.

पहिल्या महायुद्धातही ही ये-जा चालू राहिली. २८ मार्च १९१५ रोजी जर्मन पाणबुडी यू-३३ ने तिला थांबण्याचा इशारा केला. कप्तान चार्ल्स फ्रायट यांनी बोट सरळ पाणबुडीच्या अंगावर घातली, आणि पाणबुडीला बुडी मारावी लागली. नौदल खात्याने त्यांना सोन्याचे घड्याळ दिले. पुढच्या वर्षी जूनमध्ये जर्मनांनी बोट पकडली, तेव्हा तेच घड्याळ फ्रायट यांच्याविरुद्ध पुरावा ठरले! सैनिक नसताना हल्ला केला, असा ठपका ठेवून २७ जुलै १९१६ रोजी बेल्जियममधील ब्रुझ येथे त्यांच्यावर खटला चालवला आणि त्याच संध्याकाळी त्यांना गोळ्या घातल्या. आपली बोट आणि उतारू वाचवणे हा गुन्हा कसा, हे मला आजही पटत नाही.

युद्धाच्या शेवटी माघार घेताना जर्मनांनी बोट बेल्जियमच्या झेब्रुग बंदरात बुडवली. ती वर काढली गेली, 'लेडी ब्रुसेल्स' नावाने गुरे वाहू लागली आणि १९२९ मध्ये भंगारात निघाली. ती जपायला हवी होती.

– एक वाचक, पुणे