इंजिन गायब, नोंदणी मात्र जिवंत: भंगारात घेतलेल्या दोन विमानांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
भांडार व मालमत्ता विभाग

विषय: ई-लिलावात घेतलेल्या दोन निवृत्त सेसना 152 विमानांबाबत

महोदय,

भोसरीत आमचा भंगाराचा धंदा वडिलांच्या काळापासून आहे. बसगाड्या, बॉयलर, बंद पडलेल्या गिरणीचे साचे, सगळं तोडून झालंय. विमान मात्र पहिल्यांदाच घेतलं, आणि तेही तुमच्या वैमानिक प्रशिक्षण केंद्राकडून. पोरांना कौतुक वाटलं होतं. शेजारचे गाळेवाले फोटो काढायला आले होते.

लिलावाच्या पत्रकात प्रत्येक विमानाचं वजन ‘अंदाजे 490 किलो’ असं होतं. सेसना 152 चं रिकामं वजन तेवढंच असतं, त्याबद्दल वाद नाही. पण ते इंजिनासकट. मी पाहणीला आलो त्या दिवशी दोन्ही विमानांना इंजिन होतं, प्रोपेलर होता, पॅनेलमध्ये रेडिओ होता. तारखेसह फोटो माझ्याकडे आहेत. पैसे भरून पहिलं विमान उचललं आणि काट्यावर घातलं, तर भरलं 342 किलो. नाकाचं आवरण उघडलं तर आत नुसती पोकळी. आवरणाचे स्क्रू मात्र नीट बसवून ठेवले होते, त्या कारागिराला दाद दिली पाहिजे.

तुमच्या भांडारातले साहेब फोनवर म्हणाले, ‘जसे आहे, जेथे आहे’ अशी अट होती. साहेब, ही अट आमच्या धंद्यात रोज वाचावी लागते. माल पाहणीच्या दिवशी जसा होता तसा, असा तिचा अर्थ. तुम्ही काढून घेऊन जे उरवाल ते, असा नव्हे. वर्णन देऊन विकलेला माल वर्णनाबरहुकूम हवा, हे मालविक्री अधिनियम 1930 च्या कलम 15 मध्ये आहे. पुन्हा विकण्यासाठी घेतलेला माल असल्याने मी ग्राहक आयोगाकडे जाऊ शकत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या साहेबांनीही ते दोनदा ऐकवलं. दिवाणी न्यायालय मात्र मोकळं आहे.

इंजिनाचं एवढं का, तेही सांगतो. लोकांना वाटतं विमानाचा पत्रा म्हणजे सोनं. तो बहुतेक ‘2024’ क्रमांकाच्या जातीचा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, त्यात चार टक्क्यांच्या आसपास तांबं. भांडीवाला त्याला हात लावत नाही आणि ओतकामवाला भाव पाडून मागतो. माझा सगळा हिशेब इंजिनावर होता.

आता खरी गोष्ट. पहिल्या विमानाचं शेपूट कापून खाली टाकलं, दणकन आपटलं. थोड्या वेळाने एक पोरगा आतून नारिंगी रंगाची पेटी घेऊन आला, तिच्यावर दिवा लुकलुकत होता. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाने भंगारात काढलेल्या यंत्रातून किरणोत्सारी कोबाल्ट-60 निघालं आणि एक कामगार दगावला. तेव्हापासून आमच्याकडे अनोळखी बंद पेटी कोणी फोडत नाही, आधी मला दाखवतात. ती होती अपघात झाल्यावर विमानाचा ठावठिकाणा कळवणारी ईएलटी पेटी. आत जोराच्या धक्क्याने चालू होणारं बटण असतं. 406 मेगाहर्ट्झवर तिची हाक उपग्रहाकडे जाते, तिथून बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात, आणि पेटीच्या सांकेतिक क्रमांकावरून मालकाचा शोध लागतो. मालक म्हणून नोंद कोणाची? तुमची. रात्री साडेनऊला तुमचे अधिकारी फोनवर माझ्यावरच ओरडले, की तुमचं विमान कुठे कोसळलं अशी आम्हाला विचारणा होतेय! विकलेल्या विमानातली पेटी काढून घेणं आणि तिची नोंद रद्द करणं हे काम भंगारवाल्याचं आहे का?

त्याच विमानाच्या पंखांतल्या टाक्यांतून दहा-बारा लिटर निळं पेट्रोलही निघालं. विमानाच्या या पेट्रोलात अजून शिसं असतं. ॲल्युमिनियमला आम्ही गॅस कटर लावत नाही म्हणून निभावलं, पण ग्राइंडरच्या ठिणग्याही काही कमी नसतात. टाक्या रिकाम्या आहेत असं तुमच्या पत्रकात छापलं होतं.

रात्रीच्या त्या फोननंतर तुमच्या फाटकावर अचानक नियम आठवले. पहिलं विमान तुमच्याच माणसांनी पंख सोडवून ट्रेलरवर चढवून दिलं होतं. दुसरं त्याच फाटकावर अडवलं, नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आणा म्हणून. पत्र मी कुठून आणू? विमान कायमचं सेवेतून काढलं की नोंदणी रद्द करण्याची तरतूद विमान नियम 1937 मध्ये आहे, आणि त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे जायचं ते नोंदणीकृत मालकाने. चौकशी केली तर तुम्ही अर्जच केलेला नाही. म्हणजे कागदावर ती दोन्ही विमानं आजही उडती आहेत, त्यातलं एक माझ्या गोदामात तुकड्या-तुकड्यांनी पडलंय, आणि दुसऱ्याच्या जागेचं भाडं म्हणून तुम्ही मला रोजचे 1,100 रुपये लावताय. कोलकात्याच्या विमानतळावर एअर इंडियाचं जुनं बोईंग 737 तेरा वर्षं पडून होतं आणि मालकालाच विसर पडला होता, ही बातमी 2025 मध्ये वाचून मी हसलो होतो.

एक गोष्ट लेखी विचारायलाच हवी. डाव्या दाराच्या खांबाजवळ विमानाचा अनुक्रमांक असलेली धातूची पाटी असते. दोन्ही विमानांत तिथे नुसती चार भोकं आहेत. गेल्या आठवड्यात मला एका गृहस्थाचा फोन आला, शेपटाचे भाग आणि पंखांच्या झडपा न कापता दे, भंगाराच्या चौपट भाव देतो, कागद माझ्याकडे आहेत म्हणाला. माझा नंबर कुठून मिळाला विचारलं तर तुमच्या भांडाराचं नाव घेतलं. मी नाही म्हणालो आणि तेच भाग त्याच दिवशी मधोमध कापून टाकले. आयुष्य संपलेला भाग पुन्हा पुरवठ्यात येता कामा नये, हा नियम तुमच्या देखभाल विभागाला पाठ असेल. खोट्या कागदांवर इंजिनाचे भाग विकल्याचं लंडनच्या एओजी टेक्निक्स कंपनीचं प्रकरण 2023 मध्येच गाजलं. उद्या असा एखादा तुकडा कुठल्या शिकाऊ पोराच्या विमानात सापडला, तर शेवटची पावती माझ्या नावाची असेल.

तरी पंधरा दिवसांत नोंदणी रद्द झाल्याच्या पत्रांच्या प्रती द्याव्यात, पहिल्या विमानाच्या 148 किलो तुटीची रक्कम परत करावी आणि भाड्याची बिलं मागे घ्यावीत. दुसऱ्या विमानाचं वजन माझ्यासमोर करावं. त्याचंही नाक रिकामं निघालं तर तो लॉट मला नको, पैसे बयाण्यासकट परत हवेत. दोन्ही पाट्या, लॉगबुकं आणि पहिल्या विमानाचं इंजिन आज कोणाच्या ताब्यात आहे, याचं सहीशिक्क्यानिशी उत्तर द्यावं. ते न मिळाल्यास हेच पत्र महासंचालनालयाला पाठवणार आहे.

आपला,
(सही)
भंगार व धातू व्यापारी, भोसरी

सोबत: काट्याची पावती, पाहणीच्या दिवसाचे फोटो, लिलाव पत्रकाची प्रत, भाड्याची बिलं.

ता. क.: ती नारिंगी पेटी मेकॅनिककडून बंद करून घेऊन माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. न्यायला येणाऱ्या माणसाने ओळखपत्र आणावं आणि पोचपावती द्यावी.