राजाराम तलावावरच्या पिवळ्या रेनकोटातल्या सरांना

आदरणीय सर,

तुमचं नाव मला माहीत नाही. मुलांच्या ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीच्या, बक्षीस समारंभाच्या वेळी तुम्हाला शोधलं, तर कुणीतरी म्हणालं, शेवटची मुलगी आत आली तसे तुम्ही रस्त्यावरचे अडथळे उचलायला गेलात. मुलं भिजलेली होती, आम्हाला थांबता आलं नाही आणि तुमचे आभार मानायचे राहून गेले. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्या ओळखीचं कुणीतरी हे वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल. आपल्या कोल्हापुरात तेवढं नक्की होतं.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. दंडावर २७ नंबर लिहिलेली, हेल्मेटचा बंद लागत नव्हता, ती. तिच्या गटाला २०० मीटर पोहणं, ५ किलोमीटर सायकल आणि दीड किलोमीटर धावणं असं होतं. त्यातलं पोहणं म्हणजे तिचा जीव की प्राण. जलतरणपटू वीरधवल खाडे २००८ साली कोल्हापुरातून बीजिंग ऑलिंपिकला गेला आणि २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ जिंकला, तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती. तरी इथल्या तलावांवर त्याचं नाव त्यांना पाठ असतं. सगळा उन्हाळा ती मोकळ्या पाण्यात सराव करत होती. पोहायच्या टाकीत तळाशी रेघ दिसते, तलावात काहीच दिसत नाही. त्यामुळे ठरावीक हात मारून झाले की मान वर काढायची, बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, कुठे आहे ते बघायचं आणि पुन्हा तोंड पाण्यात. हे जमायला तिला फार वेळ लागला होता. त्या सकाळी पोहणं रद्द झालं असं तिला सांगायचं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. ते तुम्ही सांगितलंत, आणि ज्या पद्धतीनं सांगितलंत, त्यासाठीच हे पत्र आहे.

परतीचा पाऊस एरवी दुपार कलली की गडगडत येतो. त्या दिवशी तो पहाटेच येऊन ठेपला. मुलं पोहायच्या टोप्या घालून काठावर उभी होती, आणि विद्यापीठाच्या बाजूला पहिली वीज चमकली. तुम्ही लगेच शिट्टी मारलीत. सगळ्यांना पाण्यापासून मागं घेतलंत. मांडवाला लोखंडी खांब होते, तिथं कुणालाच थांबू दिलं नाहीत. झाडाखाली जाऊन उभ्या राहिलेल्या पालकांनाही तिथून हलवलंत. वर पत्रा आणि चारी बाजूंनी बंद, एवढीच जागा चालेल, असं म्हणून मुलांना शाळेच्या बसगाड्यांत बसवलंत. लहान गटाच्या बसमध्ये आम्हा दोघी-तिघी आयांना मागच्या बाकावर बसायला सांगितलंत, म्हणून पुढचं सगळं मला ऐकायला मिळालं.

मुलं घाबरली होती. एक छोटी तर रडायच्या बेतात होती. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटजवळ उभं राहून म्हणालात, "पोरांनो, आता कामाला लागा. वीज दिसली की मोजायला सुरुवात करायची, आवाज येईपर्यंत. आकड्याला तीननं भागायचं. तेवढे किलोमीटर लांब आहे ती." पुढची वीज चमकली आणि अख्खी बस मोजायला लागली. पंधराला आवाज आला. "पाच किलोमीटर!" सगळे एकदम ओरडले. मग तुम्ही नियम सांगितलात: तीस मोजायच्या आत आवाज आला तर बाहेर पडायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण अर्धा तास आभाळ गप्प बसलं पाहिजे. घड्याळ तुम्ही त्या रडवेल्या छोटीच्या हातात दिलंत. बावीस मिनिटं झाली आणि पुन्हा गडगडलं. मला वाटलं आता मुलं हिरमुसतील. पण ती छोटीच सगळ्यात मोठ्यानं ओरडली, "पुन्हा शून्यापासून!"

शेवटी अर्धा तास शांततेत गेला, पण पाऊस काही हटेना. काठावरून पलीकडचा बोया दिसत नव्हता. तेव्हा बाहेर काय चाललं होतं तेही मी पाहिलं. कुणी सांगलीहून आले होते, कुणी सोलापूरहून रात्रभर प्रवास करून. पोहणं तरी होऊ द्या, मुलांनी वर्षभर मेहनत केलीय, असं लोक तुम्हाला सांगत होते, आवाज चढवूनही सांगत होते. तुम्ही शांतपणे एवढंच म्हणालात, "होडीतल्या माणसाला डोकी मोजता येत नसतील, तर मी एकही डोकं पाण्यात सोडणार नाही." आणि तिथं वाद न घालता तुम्ही परत बसमध्ये आलात, मुलांना सांगायला.

सर, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे मुलांच्या खेळातले निर्णय बहुतेक वेळा मुलांच्या डोक्यावरून होतात. संयोजक पालकांशी बोलतात, पालक प्रशिक्षकांशी बोलतात, आणि पोहायचं की नाही हे पोहणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. तुम्ही आधी त्यांना सांगितलंत, आणि कारणासकट सांगितलंत. पोहणं रद्द झालं की ट्रायथलॉनमध्ये काय करतात, तर धावणं, सायकल आणि पुन्हा धावणं, हेही समजावलंत. कुणीतरी विचारलं, "मग ही खरी शर्यत नाही का?" तेव्हा तुम्ही पॅरिसची गोष्ट सांगितलीत. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये पावसामुळे सीन नदीचं पाणी पोहण्यालायक राहिलं नाही, म्हणून पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैची ३१ जुलैला ढकलावी लागली. जगातले सगळ्यात तयारीचे खेळाडू तिथं दिवसभर थांबून राहिले. "ऑलिंपिकवाले थांबतात, तर आपण का नाही?" असं तुम्ही विचारलंत आणि मुलांचे चेहरे बदलले. माझी मुलगी रडली, नाही असं नाही. पण डोळे पुसून तिनं बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या.

पहिलं धावणं चिखलात झालं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खरी काळजी सायकलची होती. तुम्ही उताराचा भाग मार्गातून काढून टाकलात, वळणावर पुढे जायला बंदी केलीत आणि प्रत्येक सायकलचे ब्रेक स्वतःच्या हातानं दाबून बघितलेत. चाकाच्या कडेवर पाणी असलं की ब्रेक लगेच धरत नाही, आधी हलकेच दाबून पाणी पुसून काढायचं आणि मग जोर लावायचा. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे सरळ ओलांडायचे, त्यांच्यावर हँडल वळवायचं नाही. पॅरिसलाच महिलांच्या शर्यतीत ओल्या रस्त्यावर भल्याभल्या खेळाडू घसरल्या होत्या, हेही सांगितलंत. त्या सकाळी आमच्या मुलांपैकी एकही सायकलवरून पडलं नाही.

आणि आता तो हेल्मेटचा बंद. हेल्मेट डोक्यावर घालून बंद लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम मुलांना पहिल्या दिवसापासून माहीत असतो. माझी मुलगी धावून आली, हेल्मेट घातलं, पण बोटं गारठून लाकडासारखी झाली होती. बंदाची दोन टोकं जुळत होती आणि निसटत होती. मी दोरीच्या अलीकडे. आत जायची परवानगी नव्हती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. बाजूनं मुलं सायकली काढून निघून जात होती. तुम्ही आलात आणि तिच्यासमोर चिखलात गुडघे टेकून बसलात. मला वाटलं, आता सर बंद लावून देतील. तुम्ही हेल्मेटला हातही लावला नाहीत. "दोन्ही हात काखेत घाल. घट्ट. आता वीस मोज, घाई नको." तिनं मोजलं. मला तिचे ओठ हलताना दिसत होते. "आता बोटांनी नको, अंगठ्यानं ढकल." टक् असा आवाज आला. तो मला दोरीपलीकडून ऐकू आला असेल की नाही कुणास ठाऊक, पण मला तो अजून ऐकू येतो. तुम्ही फक्त "पळ" म्हणालात. घरी आल्यावर आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं पहिलं वाक्य सांगितलं ते असं: "आजी, बंद मीच लावला."

एका मुलाला मात्र तुम्ही थांबवलंत, आणि त्याच्या आईच्या वतीनंही मी लिहितेय, कारण तिनं मला तसं सांगितलंय. सायकलवरून उतरला तेव्हा तो थडथड कापत होता, ओठ निळसर झाले होते. तुम्ही त्याला तेराचा पाढा म्हणायला सांगितलात. "तेरा त्रिक" पर्यंत आला आणि जीभ अडखळायला लागली. तुम्ही तिथल्या तिथं त्याचा नंबर काढून घेतलात. थोडंच राहिलंय, पूर्ण करू दे, असं कुणीतरी म्हणालं. लहान मुलांच्या अंगाची त्वचा वजनाच्या मानानं जास्त असते, म्हणून ते लवकर गार पडतं आणि ओल्या कपड्यात तर फारच लवकर, हे तुम्ही त्यांना समजावलंत, पण मुलाला घेऊन बसकडे चालता चालता. ओले कपडे उतरवले, अंग न चोळता नुसतं टिपून कोरडं केलं, तुमच्या पिशवीतला कोरडा शर्ट घातला, ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, आणि तो नीट गिळू शकतो हे बघूनच गरम गोड दूध घोट घोट पाजलं. थोड्या वेळानं तुम्ही पुन्हा पाढा विचारलात. त्यानं तेराचा पूर्ण केला आणि चौदाचाही म्हणून दाखवला. तो शर्ट त्याच्या आईनं धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. तुमचा पत्ता मिळाला की ती तो स्वतः घेऊन येणार आहे.

मला तुमचे आभार मानायचे आहेत ते तुमच्या कडकपणाबद्दल आणि तुमच्या मायेबद्दलही. त्या सकाळी मला ती दोन वेगळी दिसलीच नाहीत.

आम्ही काही पालकांनी ठरवलंय की पुढच्या वेळी आम्ही नुसते प्रेक्षक म्हणून येणार नाही. वळणावर झेंडी घेऊन उभं राहायला, ब्रेक तपासायला, कोरडे टॉवेल आणि दुधाचे थर्मास सांभाळायला माणसं लागतात, आणि तुमच्याकडे ती किती कमी होती हे आम्ही पाहिलं. पण आम्हाला हे नीट यायला हवं. तुम्ही एखाद्या रविवारी अर्धा दिवस आम्हाला शिकवाल का? बसायची जागा आणि चहा-नाश्ता आमच्याकडे.

आणि मुलीचा एक प्रश्न आहे. बसमध्ये बसलेल्यांना वीज लागत नाही ते का, हे तिला तिच्या शाळेतल्या बाईंनी समजावलं. पण तलावात वीज पडली तर माशांचं काय होतं, यावर त्या म्हणाल्या, हे तुझ्या त्या सरांनाच विचार. ती उत्तराची वाट बघतेय.

आपली,
२७ नंबरच्या मुलीची आई
कोल्हापूर